धोका नाही हे कळलं साहेब, पण ते होतं काय?

प्रति,
आकाशात काहीतरी विचित्र दिसलं म्हणून कळवणाऱ्या साध्या माणसाची फाईल ज्यांच्या टेबलावर येते त्या हवाई दलातल्या आणि संरक्षण खात्यातल्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना, देश कुठलाही असो

सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की आमच्या ग्रुपमधल्या एका रिटायर्ड सरांनी काढलेलं एक चित्र तुमच्यासारख्याच एका ऑफिसच्या कपाटात पडून आहे, ते सरांना परत हवंय, आणि ते मागता मागता मला बाकीचंही बरंच बोलायचंय जे गेली दोन वर्षं डोक्यात घोळतंय. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

पहिलं म्हणजे मी एलियनवाला नाही. हौशी आकाशनिरीक्षक आहे, एक जुनी दुर्बीण आहे, आणि ओळखीतल्या कुणालाही रात्री वर काही चमकताना दिसलं की व्हिडिओ मला येतो. त्यातले बहुतेक शुक्र असतात. नाहीतर स्टारलिंकच्या उपग्रहांची रांग, नाहीतर सरळ आपल्याच दिशेने येणाऱ्या विमानाचा लँडिंग लाईट, जो कितीतरी वेळ एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो कारण तो बाजूला सरकतच नाही, फक्त मोठा होत जातो. आणि हे मी शहाणपणा दाखवायला सांगत नाहीये, मी स्वतः एकदा पहाटे गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं एका लाईटकडे बघत उभा होतो, तो डोंगराच्या कडेवर तरंगत होता, लाल हिरवा होत होता, मध्येच हलत होता, हात थरथरायला लागले होते माझे, आणि मग ढग सरकला आणि कळलं की शुक्र आहे, मी एरवी दुर्बिणीतून बघतो तोच. अंधारात एकाच ठिपक्याकडे टक लावली की तो आपोआप हलल्यासारखा वाटतो हे मला पाठ होतं, तरी त्या दहा मिनिटांत काही उपयोग झाला नाही त्याचा. गाडी चालू असेल तर तो पाठलागही करतो, लहानपणी चांदोबा आपल्यासोबत चालायचा तसाच. तेव्हा माणूस फसतो हे मला मान्य आहे, ते मला पटवायला जाऊ नका.

आता सरांचं. सर गणित शिकवायचे. पहाटे फिरायला गेले असताना त्यांना मंद नारिंगी रंगाची, लांबट, अजिबात आवाज नसलेली एक वस्तू दिसली, ती पश्चिमेकडून उत्तरेकडे गेली, मध्ये थांबली, मग दिसेनाशी झाली. हातात घड्याळ नव्हतं आणि मोबाईल घरी, म्हणून या माणसाने काय केलं तर स्वतःच्या नाडीचे ठोके मोजले. घरी येऊन परत नाडी मोजली, मग स्वतःच विचार केला की तेव्हा मी घाबरलेलो होतो म्हणजे ठोके जास्त पडत असणार, म्हणून वेळ एका आकड्यात न सांगता 'तीस ते पंचेचाळीस सेकंद' असा लिहिला. उंची मोजली हात ताठ करून मुठीने, क्षितिजापासून दोन मुठी, म्हणजे साधारण वीस अंश. आणि चहा व्हायच्या आत चित्र काढलं, कंपासमधली पेन्सिल घेऊन, बाण, दिशा, झाडाचा शेंडा, सगळं.

मग त्यांनी ते रीतसर कळवलं. आणि कौतुकाची गोष्ट म्हणजे दोन जण आले सुद्धा, एक युनिफॉर्ममध्ये, एक साध्या कपड्यात, दोघंही एकदम सभ्य. तो साइझचा प्रश्न विचारला, हात लांब करून धरलेल्या कुठल्या वस्तूएवढं दिसलं ते सांगा म्हणून. हा प्रश्न फार जुना आहे, आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंच्या तक्रारी तपासणाऱ्या अमेरिकन हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकच्या फॉर्मवर टाचणीच्या डोक्यापासून सुरू करून वाटाणा, वेगवेगळी नाणी, मग थेट बास्केटबॉलपर्यंत यादीच होती. सर म्हणाले वाटाण्याच्या अर्धं. साध्या कपड्यातले साहेब जरा हसले, एवढंसं कसं दिसेल म्हणाले. सर म्हणाले, पौर्णिमेचा चंद्र किती मोठा दिसतो सांगा. साहेबांनी नाण्याएवढा दाखवला. सरांनी त्यांना सांगितलं की आज रात्री मटारचा एक दाणा घ्या, हात लांब करा, चंद्र त्याच्यामागे झाकला जातो बघा. (खरंच जातो. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश असतो, लांब धरलेल्या करंगळीच्या टोकाची रुंदी एक अंश.) साहेबांनी मान हलवली आणि फॉर्मवर काय लिहिलं ते सरांना दिसलं नाही.

जाताना चित्राची ओरिजिनल प्रत रेकॉर्डसाठी घेऊन गेले. चार महिन्यांनी एक ओळीचं उत्तर आलं की आपण कळवलेल्या बाबीत संरक्षणाच्या दृष्टीने दखल घेण्यासारखं काही आढळलं नाही. सही, शिक्का, विषय संपला.

सर चिडले नव्हते हे मला जास्त लागलं. म्हणाले, 'अरे धोका आहे का हे मी विचारलंच नव्हतं, मी विचारलं होतं ते होतं काय.'

साहेब, तुमच्या सगळ्या खात्याची गोची या एका वाक्यात आहे बघा. माणूस एक प्रश्न घेऊन येतो, तुम्ही दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर काढता आणि फाईल बंद करता. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने निदान हे लपवलं नाही, वर्षानुवर्षं लोकांना पाठवलेल्या पत्रांत ते साधारण हेच लिहायचे की आम्ही फक्त संरक्षणाला धोका आहे का एवढंच बघतो, तो नसला तर नक्की काय दिसलं हे शोधत बसत नाही. 2009 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी ते टेबलच बंद केलं, कारण पन्नासहून जास्त वर्षांत एकाही रिपोर्टमधून धोका निघाला नाही. त्यांच्या हिशेबाने बरोबर आहे, तुमचं काम देश सांभाळायचं, लोकांची कुतूहलं शमवायचं नाही. पण मग युनिफॉर्म घालून घरी यायचं, दोन तास जबाब घ्यायचा, चित्र न्यायचं, याने समोरच्याला वाटतं ना की आता तपास होणार. नाही करणार तर दारातच सांगा.

आणि हे काही आजचं नाही. 24 जून 1947 ला केनेथ आर्नल्ड नावाचा खाजगी पायलट वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळ उडत होता, त्याला नऊ चकाकणाऱ्या वस्तू एका रांगेत जाताना दिसल्या. हा माणूस आग विझवायची उपकरणं विकायचा, शास्त्रज्ञ वगैरे कोणी नाही, पण त्याने विमानाची खिडकी उघडून बघितलं, का तर काचेतलं प्रतिबिंब नाही ना याची खात्री करायला, आणि दोन डोंगरांच्या मधलं अंतर पार करायला त्यांना किती सेकंद लागले ते घड्याळावर मोजलं, 102 आले. वेग निघाला ताशी सतराशे मैलांच्या आसपास, तो त्यालाच पटेना म्हणून त्याने बाराशे सांगितला. सैन्याचे गुप्तचर अधिकारी त्याला भेटून गेले, माणूस प्रामाणिक वाटतो असंच त्यांचं मत झालं. आणि फाईलवर शेवटी काय आलं तर मृगजळ. असेलही मृगजळ, पर्वतरांगांवर तसं दिसू शकतं. माझं भांडण त्या शब्दाशी नाहीये. पण मृगजळ ठरवताना त्या दिवसाची हवा, तापमानाचे थर, सूर्य कुठे होता, हे मांडून कुणी त्याला समजावलं असतं तर पटलं नसतं तरी तपासता आलं असतं.

त्यानंतर अशा रिपोर्टांच्या तपासासाठी हवाई दलाचे एकामागून एक प्रोजेक्ट निघाले, आधी साइन, मग ग्रज, मग 1952 पासून ब्लू बुक. 'उडती तबकडी' हा शब्द फसवा आहे म्हणून यूएफओ, म्हणजे न ओळखलेली उडती वस्तू, हा शब्द रूढ केला तो याच प्रोजेक्टच्या प्रमुखाने, कॅप्टन एडवर्ड रुपेल्टने. 1969 मध्ये बंद होईपर्यंत हवाई दलाकडे 12,618 रिपोर्ट जमले आणि त्यातले 701 'अनआयडेंटिफाइड' राहिले. एलियनवाले हा 701 चा आकडा झेंड्यासारखा फडकवतात, आणि तुम्ही लोक म्हणता बघा जवळजवळ सगळे सुटले की. मला दोन्ही बाजूंचा कंटाळा आलाय. मला उरलेल्या अकरा हजार नऊशे सतरांची काळजी आहे, ज्यांच्यावर उत्तराचा शिक्का आहे. ते उत्तर त्या बघणाऱ्या माणसापर्यंत पोचलं का? आणि पोचलेलं बरोबर होतं का?

कारण नेहमी नव्हतं. 7 जानेवारी 1948, अमेरिकेतलं केंटकी राज्य. आकाशात एक मोठी गोल वस्तू दिसतेय असे लोकांचे फोन राज्याच्या पोलिसांना आले, पोलिसांनी फोर्ट नॉक्सच्या विमानतळाला कळवलं, त्यांनी आधीच हवेत असलेल्या एफ 51 लढाऊ विमानांना बघायला सांगितलं, त्यातले कॅप्टन थॉमस मँटेल वर गेले. वर जात राहिले, त्या उंचीला लागणारा ऑक्सिजन नव्हता, विमान कोसळलं, ते गेले. हवाई दलाने आधी सांगितलं शुक्र. भर दुपारी शुक्र! नंतर कळलं की ते बहुतेक नौदलाचं स्कायहूक नावाचं अवाढव्य बलून असणार, पण ते तेव्हा गुप्त होतं, इतकं गुप्त की तपास करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणजे खालून लोक खरं तेच सांगत होते, वर काहीतरी मोठं गोल आहे. होतंच की.

अमेरिकेतल्याच रॉसवेलचंही तेच. 1947 च्या उन्हाळ्यात एका पशुपालकाला रानात चंदेरी कागद, काड्या, रबराचे तुकडे सापडले, सैन्याने आधी छापून आणलं की 'उडती तबकडी' मिळाली, आणि लगेच म्हणाले हवामानाचा फुगा. खरं म्हणजे तो प्रोजेक्ट मोगल होता, सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज उंचावरून ऐकायचा गुप्त उद्योग, आणि हे हवाई दलाने सविस्तर सांगितलं 1994 मध्ये. मधली 47 वर्षं रिकामी सोडलीत तुम्ही, मग लोकांनी ती आपापल्या परीने भरली, त्यात आता एलियनची प्रेतं काय, ऑपरेशनचे व्हिडिओ काय. आता तुम्ही कितीही खरं सांगा, कोण ऐकतंय.

यू 2 चं तर अजून भारी. 1955 पासून ही हेरगिरीची विमानं साठ हजार फुटांच्या वर उडायला लागली, तेव्हा प्रवासी विमानं फार फार तर वीस हजारांवर असायची. संध्याकाळी खाली अंधार पडलेला आणि वर त्या चंदेरी पंखांवर अजून ऊन, म्हणजे खालच्या पायलटला आगीचा गोळाच दिसणार. ब्लू बुकवाले सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेला विचारून खात्री करून घ्यायचे की हे आपलंच विमान, आणि मग लोकांना सांगायचे की वातावरणातला काहीतरी प्रकार असेल. हे सीआयएने स्वतःच नंतर लिहिलंय. गुपित राखायचं होतं हे मी समजू शकतो. पण तेव्हा 'सांगू शकत नाही' एवढंच म्हणता आलं असतं. ज्याने नीट बघितलं, नीट कळवलं, त्याला तुझे डोळे फसले असं सांगायची काय गरज होती?

आणि यात मधल्या मध्ये शास्त्रज्ञांचीही माती होते. ब्लू बुकचे सल्लागार ॲलन हायनेक, चांगले खगोलशास्त्रज्ञ. मार्च 1966 मध्ये मिशिगनमध्ये दोन ठिकाणी लोकांना दलदलीच्या भागात लाईट दिसले, एका ठिकाणी तर कॉलेजच्या होस्टेलमधल्या कितीतरी मुलींनी खिडकीतून बघितले. प्रेसचा दबाव, हवाई दलाला लवकर काहीतरी हवं, हायनेक यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की दलदलीतला वायू पेटून असं होऊ शकतं. फक्त त्या घटनांपुरतं बोलत होते ते. पण पेपरवाल्यांनी दलदलीचा वायू हा शब्द पकडला आणि तो देशभर चेष्टेचा विषय झाला. तिथले खासदार जेराल्ड फोर्ड, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच, यांनी संसदेत चौकशी लावायला सांगितली, ती एप्रिलमध्ये झाली, आणि त्यातूनच कोलोरॅडो विद्यापीठाला यूएफओंचा अभ्यास करायचं, म्हणजे काँडन समितीचं, काम गेलं. दोन-अडीच वर्षांनी समिती म्हणाली यात विज्ञानाला मिळण्यासारखं फारसं नाही, ब्लू बुक बंद. हायनेक मात्र उलटे फिरले, सुरुवातीला सगळं खोटंच म्हणणारा माणूस, त्याने पुढे स्वतःचं अभ्यास केंद्र काढलं.

घाईत दिलेलं उत्तर किती महाग पडतं बघा. पण तुमच्या नियमांतच घाई आणि गुपचुपी बसवलेली होती. 1954 चा अमेरिकन हवाई दलाचा 200-2 हा नियम सांगतो की वस्तू ओळखीची निघाली तर पत्रकारांना सांगा, नाही ओळखता आली तर फक्त एवढंच सांगा की विश्लेषण चालू आहे. म्हणजे सुटलेलं तेवढं बाहेर, न सुटलेलं आत. त्याच्या आधी 1953 मध्ये सीआयएने बोलावलेल्या शास्त्रज्ञांच्या रॉबर्टसन पॅनेलने तर सुचवलं होतं की लोकांचा यातला इंटरेस्ट कमी करायला शिक्षण द्यावं आणि यूएफओवाल्या नागरी संस्थांवर लक्ष ठेवावं. आकाशाकडे बघणाऱ्यांवर लक्ष! वाचलं तेव्हा मला हसूच आलं.

बरं, तुमचे लोक फसत नाहीत असं आहे का? 2012-13 मध्ये लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांना महिनोन्महिने चिनी ड्रोन दिसत होते, नोंदी झाल्या, वरपर्यंत गेल्या. शेवटी भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांनी बघितलं तर ते गुरू आणि शुक्र निघाले. मला यात जवानांची थट्टा करायची नाहीये, तेवढ्या उंचीवर, तसल्या थंडीत, समोर शत्रू असताना मलाही ड्रोनच दिसला असता, मी तर नुसत्या रस्त्यावर उभा होतो. सांगायचं एवढंच की तिथे खगोलशास्त्रज्ञ बोलावले, त्यांनी मोजलं, उत्तर मिळालं. ती सोय आमच्या सरांना नाही मिळाली. आणि 19 नोव्हेंबर 2023 ला इंफाळ विमानतळाजवळ काहीतरी दिसलं, हवाई क्षेत्र काही तास बंद, राफेल पाठवली, आणि हवाई दलाने जाहीरपणे लिहिलं की ती छोटी वस्तू नंतर दिसली नाही. मला ते वाक्य आवडलं होतं खरं सांगतो. उगाच फुगा बिगा न म्हणता, दिसलं, गेलो, सापडलं नाही.

नीट काम करणारे पण आहेत, सगळ्यांना एका माळेत ओवत नाही. बेल्जियममध्ये 1989-90 ला लोकांनी त्रिकोणी लाईट बघितल्याच्या ढीगभर तक्रारी केल्या, 30 मार्च 1990 च्या रात्री एफ 16 उडवली, आणि नंतर हवाई दलाने रडारची माहिती पत्रकारांसमोर मांडली, नागरी अभ्यासकांना सोबत घेतलं. पुढे त्याच माहितीवर लोकांनी वर्षानुवर्षं खल केला आणि रडारवरचे बरेच ठिपके एलियन नव्हतेच असं दाखवून दिलं. त्या लाटेतला सगळ्यात गाजलेला फोटो तर 2011 मध्ये ज्याने काढला त्यानेच कबूल केला, थर्माकोलचा तुकडा रंगवून केलेला. हवाई दलाची काही अब्रू गेली का? काही नाही गेली.

फ्रान्सने तर हे काम सैन्याकडे ठेवलंच नाही, 1977 पासून ते त्यांच्या अंतराळ संस्थेत आहे. साक्षीदाराचं नाव काढून फाईली नेटवर टाकतात आणि प्रत्येकीला अ ब क ड सारखी श्रेणी देतात, नक्की ओळखलं, बहुधा ओळखलं, माहिती अपुरी, आणि तपास करूनही ओळखता आलं नाही. शेवटच्या दोन वेगवेगळ्या ठेवल्यात हे बघा, माझं तर मन भरून आलं होतं पहिल्यांदा वाचलं तेव्हा. माहितीच कमी आहे आणि माहिती भरपूर असून कळत नाही, यात जमीन अस्मानाचा फरक आहे, आणि तुमच्या त्या एक ओळीच्या उत्तरात दोन्ही एकाच खड्ड्यात जातात.

अमेरिकेत आता 2022 पासून पेंटागॉनचं, म्हणजे त्यांच्या संरक्षण खात्याचं, अशाच गोष्टी तपासणारं नवीन ऑफिस आहे, एएआरओ. पण 2023 मध्ये त्यांनी वेबसाईटवर फॉर्म उघडला तो आजी माजी सरकारी नोकर, सैनिक आणि कंत्राटदारांसाठी. साधा माणूस परत दाराबाहेरच. फेब्रुवारी 2023 मध्ये ते चिनी बलून पाडलं ना, ते अमेरिकेतल्या मोंटाना राज्यावर असताना सगळ्यांनी बघितलं ते कुणामुळे, तर खाली उभं राहून वर बघणाऱ्या आणि फोटो काढणाऱ्या साध्या लोकांमुळे. म्हणून म्हणतो आम्हाला इतकं टाकाऊ समजू नका.

माझं मागणं फार नाही. नवीन खातं नको, निधी नको. माणसाने कळवलं की त्याला परत एक कागद जावा ज्यात लिहिलेलं असेल की आम्ही त्या वेळचं विमानांचं वेळापत्रक बघितलं, उपग्रह बघितले, शुक्र गुरू कुठे होते ते बघितलं, बलून कुणी सोडले होते का विचारलं, आणि यातलं अमुक जुळलं किंवा काहीच जुळलं नाही. यातल्या निम्म्या गोष्टी मी फुकटच्या सॉफ्टवेअरवर वीस मिनिटांत करतो, तुमच्याकडे तर रडार आहे. आपलंच काही गुप्त असेल तर 'सांगता येत नाही' लिहा, आम्ही काही लहान नाही. आणि जबाब घ्यायला येणाऱ्याला एकदा तरी चांदण्या रात्री बाहेर उभं करून मटारचा दाणा हातात द्या.

सरांची केस मी माझ्या परीने तपासली. ग्रह नव्हते त्या दिशेला. अंतराळ स्थानकाचा मार्ग नव्हता. कुणी आकाशकंदील सोडला असेल तर वाऱ्याची दिशा थोडी जुळते, पण मग मध्ये थांबलं कसं? की लांब जाताना थांबल्यासारखं वाटलं? ते ठरवायला मला झाडाच्या शेंड्यापासूनचा कोन हवाय, आणि तो फक्त त्या चित्रात आहे. सरांनी आठवून दुसरं चित्र काढलंय, पण तेच म्हणतात की याच्यावर विसंबू नकोस, आता दोन वर्षं झाली, मी ते इतक्या वेळा सांगितलंय की मला काय दिसलं आणि मी काय सांगतो हे वेगळं करता येत नाही.

तेव्हा ते पहिलं चित्र पाठवा. अर्ध्या कागदावर आहे, चौकटीच्या वहीतला, पेन्सिलने काढलेलं, उजव्या कोपऱ्यात 'नाडी 96' असं लिहिलंय. ओरिजिनल नको असेल द्यायचं तर झेरॉक्स चालेल.

कळावे,
आपला,
एक हौशी आकाशनिरीक्षक